ओढली की सुटणारी गाठ

आमच्या गोठ्यातलं एकही जनावर पुरानं नेलं नाही. हे वाक्य मी सासरी सांगितलं, पुढे मुलांना सांगितलं, आता नातवंडांना सांगते. मी सुरुवात केली की मोठी सून पाणी प्यायच्या निमित्तानं उठते. उठू दे. माझ्याकडे मिरवायला दागिने नाहीत आणि शिक्षण सातवीपर्यंतचं. पण ही गोष्ट सांगताना माझी मान आपोआप ताठ होते. त्यातला एक भाग मात्र मी इतकी वर्षं गाळून सांगत आले. आज तो गाळायचा नाही, असं ठरवून बसले आहे.

आमचं घर बदलापूर गावाच्या टोकाला होतं, एका बाजूला उल्हास नदी आणि दुसऱ्या बाजूला रेल्वेचा उंच भराव, यांच्या मधल्या सखल पट्ट्यात. कुडाच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी आणि आतल्या खोलीवर लाकडी माळा. घराला लागूनच गोठा. दारातून भरावापर्यंत आमची आणि शेजाऱ्यांची भातखाचरं पसरलेली, आणि मधे एक ओहोळ. उन्हाळ्यात मी तो एका उडीत ओलांडायची.

घरात माणसं चार. वडील अंबरनाथला कारखान्यात होते, सकाळच्या गाडीनं जायचे. आई शेत आणि गोठा बघायची. वडिलांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, विधवा होऊन आमच्याकडे राहायला आली होती. आई आणि आत्या यांचं एकमेकींशी पटायचं नाही आणि एकमेकींवाचून चालायचंही नाही. चौथी मी, अकरा वर्षांची, आणि स्वतःला फार शहाणी समजणारी.

जनावरं माणसांपेक्षा जास्त होती. दोन बैल, एक म्हैस, दोन शेळ्या, सात-आठ कोंबड्या, गवताच्या भाऱ्यांमागे दर वर्षी न चुकता विणारी एक मांजर आणि एक कुत्रा. कुत्रा खरं तर सगळ्या गावाचा होता, पण जेवायला आमच्याकडे असायचा, म्हणून आम्ही त्याला आमचा म्हणायचो. यांतली म्हैस माझी विशेष लाडकी. ती आमच्याच गोठ्यात जन्मलेली, माझ्यासमोर वाढलेली. कपाळावर पांढरा टिळा होता तिच्या, आणि स्वभावानं ती माझ्यासारखीच होती, म्हणजे कुणाचं ऐकायची नाही.

आई म्हशीचं दूध कॅम्पात घालायची. उल्हासनगर हे नाव तेव्हा नवीन होतं, आमच्याकडे सगळे कॅम्पच म्हणत. गाडीनं अंबरनाथला उतरायचं आणि तिथून कॅम्प चारपर्यंत चालत जायचं. लष्कराच्या जुन्या लांबच लांब बराकी, त्यात गोणपाट आणि चादरी लावून केलेल्या खोल्या, आणि प्रत्येक खोलीत सिंधमधून आलेलं एक कुटुंब. कॅम्प वसून चार-पाच वर्षं झाली होती. शाळेला सुट्टी असली की मीही आईबरोबर किटली धरून जायची.

तिथं आईचं एक ठरलेलं गिऱ्हाईक होतं. आईपेक्षा थोडी मोठी बाई, उंच, गोरी, दारात खाटेवर पापड वाळत घालून त्यांची राखण करत बसलेली. ती आईला ‘अदी’ म्हणायची. अदी म्हणजे बहीण, हे आम्हाला तिनंच सांगितलं. दूध घेताना ती आधी म्हशीची चौकशी करायची. खाते का, बसते का, अंगावर हात फिरवू देते का. आपल्या म्हशीची एवढी चौकशी आमच्या सख्ख्या नातेवाइकांनीही कधी केली नव्हती. मी तिला मावशी म्हणायची.

एकदा आई तिला सहज म्हणाली, “एवढी आवड हाय तर एक दिवस घरी या. म्हस बघून जा.”

तिनं खाटेवरचा एक पापड उलटा केला. मग तिच्या तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाली, “नहीं आऊंगी, अदी. गोठे में मैं नहीं जाती.” आणि मग तिनं सांगितलं. गाव सोडायची वेळ आली तेव्हा सगळी गडबड, रडारड, गाडीवाला बाहेरून हाका मारतोय. पोरं घेतली, सासू घेतली, गाठोडी घेतली. अर्धा दिवस प्रवास झाल्यावर तिच्या लक्षात आलं की गाय दावणीलाच राहिली. धन्याला वाटलं तिनं सोडली, तिला वाटलं धन्यानं. “बांधी हुई रह गई. गाठ मैंने ही मारी थी. बहुत पक्की मारती थी मैं गाठ.”

घरी आल्यावर लुगडंही न बदलता आई गोठ्यात शिरली आणि जनावरांची दावी एकेक करून सोडायला लागली. आमच्याकडे दाव्याला निरगाठ मारायची पद्धत होती, वर आणखी एक वेढा. आईनं त्या सगळ्या गाठी काढल्या आणि वेगळीच गाठ बांधली. जनावरानं कितीही हिसका दिला तरी ती आवळायची, पण बाहेर ठेवलेलं टोक माणसानं ओढलं की एका झटक्यात सुटायची. बैलगाडीवर गवताचा भारा बांधताना तिचे वडील ती मारायचे म्हणे.

आत्यानं ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. “ही गाठ हाय का गंमत? उद्या म्हस सोताच सुटंल आन् गावभर फिरंल.”

आत्याचं म्हणणं खरं ठरायला आठ दिवसही लागले नाहीत. म्हशीनं टोक तोंडात धरून चावलं, गाठ सुटली आणि तिनं शेजाऱ्यांच्या काकडीच्या मांडवाचा फडशा पाडला. शेजारीण भांडायला आली तेव्हा आत्या तिच्याच बाजूनं भांडली. आईनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून टोक खुंट्याच्या मागच्या बाजूला, म्हशीचं तोंड पोचणार नाही असं ठेवू लागली, पण गाठ बदलली नाही. मला मात्र त्या गाठीचा राग यायचा. मला ती जमत नव्हती. आई दाखवायची, मी दोनदा करून बघायची आणि तिसऱ्यांदा आपली निरगाठ मारून मोकळी व्हायची.

त्यानंतरच्या पावसाळ्यात म्हैस पुन्हा व्याली. रेडकू झालं, काळंभोर, लांब पायांचं, आणि कपाळावर म्हशीसारखाच टिळा. रेडकाच्या बाबतीत ही म्हैस फार हळवी होती. रेडकू चार पावलं लांब गेलं तरी ती रेकायची. बारा दिवस मी शाळेतून आले की दप्तर टाकून त्याच्याजवळ बसत होते.

तेराव्या दिवसाची सकाळ मला अजून दिसते. आठवडाभर पाऊस थांबला नव्हता. नदी भरून वाहत होती, पण ती दर वर्षीच भरायची आणि आमच्या खाचरांच्या बांधापर्यंत येऊन परत जायची. वडील नेहमीसारखे सकाळच्या गाडीनं गेले. आई धार काढायला बसली आणि पाचच मिनिटांत रिकामी चरवी घेऊन उठली.

“पान्हा चोरला,” ती म्हणाली.

म्हैस उभी होती. आदल्या संध्याकाळपासून ती बसलीच नव्हती, रवंथ नाही, समोरचं गवत तसंच. कान नदीकडे. मांजरीनं तर आदल्या दिवशीच आपली तीन पिल्लं गोठ्यातून उचलून माळ्यावर, अगदी आढ्याखालच्या तुळईवर नेऊन ठेवली होती. कुत्रा पडवीत यायला तयार नव्हता. पावसात भिजत ओहोळाच्या पलीकडच्या बांधावर बसला होता आणि हाक मारली की नुसतं वळून बघत होता. कोंबड्याही गोंधळ घालत होत्या, पण कोंबड्यांचं मी मनावर घेत नाही. त्यांना आभाळ नुसतं भरून आलं तरी जग बुडाल्यासारखं वाटतं.

जनावरांना सगळं आधी कळतं असं लोक भक्तिभावानं सांगतात. मी तसं म्हणणार नाही. आमच्या दोन्ही बैलांना त्या सकाळी काहीही कळलेलं नव्हतं, ते निवांत खात होते. पण आई म्हशीचं ऐकायची. ती म्हणाली, “आज कॅम्पात जायाचं नाही.” दूध नव्हतं म्हणून नव्हे. तिनं पदर खोचला आणि आम्हाला कामाला लावलं.

पाणी नदीच्या बाजूनं आलंच नाही. सगळे नदीकडे डोळे लावून बसले होते आणि ते मागून आलं, ओहोळातून. ओहोळाचं पाणी नदीत जायला जागा उरली नव्हती, म्हणून ते उलटं फिरलं होतं. बघता बघता खाचरातली नुकती लावलेली रोपं दिसेनाशी झाली आणि अंगणात पाणी चमकू लागलं.

आमच्या गावची रीत अशी की पुरात उचलण्यासारखं जे असेल ते माळ्यावर चढवायचं. भाताच्या कणग्या, पेट्या, अंथरुणं, कोंबड्या, शेळ्यांची पिल्लंसुद्धा. थोरली जनावरं सोडून द्यायची आणि भरावावर हाकायची. आई बैल सोडायला गोठ्यात गेली. मी आणि आत्या सामान वर चढवत होतो. कोंबड्या झाल्या, तांदूळ झाले. मग माझी नजर रेडकावर गेली. ते गोठ्याच्या दारात पोटऱ्यांइतक्या पाण्यात थरथरत उभं होतं.

मी त्याला कवेत धरून शिडीपाशी आणलं. आत्या म्हणाली, “त्याला नको. म्हस लई हळवी हाय, रेडकू डोल्याआड झालं का ती येडी हुईल. आधी आयशीला इचार.”

मी विचारायला गेले नाही. आई गोठ्याच्या पार दुसऱ्या टोकाला होती आणि मला माझं रेडकू कोरड्या जागेत हवं होतं, आत्ताच्या आत्ता. मी म्हणाले, “आईनंच सांगितलंय.”

आत्यानं मग खालून ढकललं, मी वरून ओढलं. रेडकू माळ्यावर चढलं. ते पुन्हा खाली पडू नये म्हणून मी त्याच्या गळ्यातली दोरी वाशाला बांधली. कोणती गाठ मारली ते सांगायला नको.

आईनं बैल सोडले, शेळ्या सोडल्या. आत्या शेळ्यांना घेऊन भरावाकडे निघाली. कुत्रा पुढे, मग बैल, मग शेळ्या, आणि सगळ्यांत मागे लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरून, सगळ्या जगाला बोल लावत आत्या. शेवटी आईनं म्हशीच्या दाव्याचं टोक ओढलं. गाठ एका झटक्यात सुटली. म्हैस बाहेर पडली, अंगणात गेली, तिथून पुढे दहा पावलं गेली आणि थांबली. माळ्यावरून रेडकू ओरडलं होतं.

ती मागे वळली. आईनं आडवं होऊन तिला अडवलं, ती आईला बाजूला सारून आली. गोठ्यात नाही, सरळ आमच्या घरात शिरली, पडवीतून आतल्या खोलीत. शिडीखाली उभी राहिली, मान वर केली आणि रेकायला लागली. खोलीत पाणी माझ्या गुडघ्यांच्या वर होतं. आईनं तिच्या पाठीवर काठी मारली. आईनं जनावरावर हात उचललेला मी आयुष्यात तेवढाच एकदा पाहिला. म्हैस हलली नाही. दावं तिच्या गळ्यात मोकळं लोंबत होतं. तिला कुणीही बांधलेलं नव्हतं, आणि तरी ती जात नव्हती.

आईनं वर बघितलं. तिला तेव्हाच सगळं समजलं. “रेडकू वर कुनी ठेवलं?”

मी म्हणाले, “आत्यानं.”

एवढ्या घाईतही आई क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “वर जा. खाली दे त्याला. ते गेलं तरच ती येनार, आन् ती आली तरच मी येनार.”

आई गंमत करत नव्हती. मी शिडी चढले. दोरी पावसानं ओली, रेडकानं ओढून ओढून गाठ आवळलेली. मी नखांनी सोडवायला गेले, नखं तुटली. दातांनी धरली, सुटेना. खाली म्हैस रेकत होती, पाणी भिंतीच्या कुडातून बुडबुडत आत येत होतं, आई म्हशीच्या मानेवर हात ठेवून उभी होती. तिनं मला एका शब्दानंही घाई केली नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. त्या क्षणी मला कॅम्पातल्या मावशीची आठवण झाली. बहुत पक्की मारती थी मैं गाठ. मी रडत नव्हते, मला स्वतःचा संताप आला होता. माळ्यावर आत्यानं टाकलेल्या सामानात विळा होता. मी चाचपडून तो काढला आणि दोरी कापली. दोरीबरोबर माझ्या डाव्या हाताची करंगळीही कापली गेली. तो वण अजून आहे. सुनेला पुरावा म्हणून मी तो दाखवते.

रेडकू शिडीवरून घसरत खाली आलं आणि आईच्या अंगावर पडलं. आईनं त्याला मानेवर घेतलं, दोन पाय एका खांद्यावर, दोन दुसऱ्यावर, आणि पुढून त्याचे खूर घट्ट धरले. म्हशीनं रेडकाला एकदा हुंगलं. लगेच गप्प झाली. आई दाराबाहेर पडली आणि म्हैस तिच्या मागोमाग, जशी काही रोज नदीवर जायला निघावी तशी.

अंगणात पाणी माझ्या कमरेला लागलं. खाचरांत बांध पायांनी चाचपत चालावं लागत होतं. ओहोळापाशी आलो तर तिथं ओहोळ राहिलाच नव्हता, सगळं एकच तांबडं पाणी, आणि मधोमध ते जोरात खेचत होतं. आईचे दोन्ही हात रेडकानं अडकलेले. मला पोहता येत होतं, पण तलावात येत होतं, असल्या पाण्यात नाही.

आई म्हणाली, “शेपूट धर. दोन्ही हातांनी. काय बी झालं तरी सोडू नको. तिला येतं.”

आई स्वतः म्हशीच्या खालच्या अंगाला गेली आणि तिच्या शिंगाला कोपर अडकवून राहिली. म्हणजे पाण्याचा मारा म्हशीच्या अंगावर आणि आई तिच्या आडोशाला. म्हैस पाण्यात उतरली. पहिली काही पावलं पाय टेकून, मग तिनं मान लांब केली, नाक वर धरलं आणि पोहायला लागली. माझे पाय तळापासून सुटले. तोंडात पाणी गेलं, डोळ्यांत गेलं, मी शेपटीला लोंबकळत होते आणि एवढंच मनात घोकत होते की ही गाठ सोडायची नाही. माझे हात म्हणजेच गाठ होती. म्हशीनं एकदाही वेग वाढवला नाही. ती आईच्या मानेवरच्या त्या काळ्या गाठोड्याला नाक लावत, त्याच्या बेतानं पोहत होती. पलीकडे तिचे खूर लागले तेव्हा मला तिच्या पूर्ण अंगातून जोर आलेला जाणवला. तिनं आम्हा तिघांना एकदमच बाहेर ओढलं.

असली जनावरं आमची होती. मला याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

भरावावर गावातली पन्नासएक माणसं आणि त्यांच्या दुप्पट गुरं उभी होती. गाड्या बंद झाल्या होत्या. आत्यानं आम्हाला बघितलं आणि आधी आईला, मग मला, मग म्हशीला अशा क्रमानं शिव्या दिल्या, आणि मग रेडकाला पदरानं पुसायला बसली. दुपारी अंबरनाथहून वडील रुळांवरून चालत आले. लांबूनच त्यांनी ओरडून विचारलं, “म्हस?” आईनं हे त्यांना जन्मभर ऐकवलं. बायको नाही, मुलगी नाही, बहीण नाही, आधी म्हस. वडील म्हणायचे, तुम्ही तिघी तर मला दिसतच होता.

त्याच दुपारी, चिंब पावसात, रेडकू प्यायला लागलं आणि म्हशीला पान्हा फुटला. रेडकाला पोटभर मिळाल्यावर आईनं कुणाचा तरी तांब्या मागून घेतला आणि भरावावर बसून धार काढली. तिथल्या लहान पोरांना घोटघोट दूध मिळालं. शेजारीण, जिच्या काकडीच्या मांडवाचं वाटोळं झालं होतं, तिच्या नातवालाही मिळालं. तिनं आईच्या पाठीवर हात ठेवला. एरवी ती इतकं सुद्धा करणारी नव्हती.

दोन दिवसांनी पाणी उतरलं. गोठ्याच्या दोन भिंती पडल्या होत्या, घराच्या कुडाचा नुसता सांगाडा राहिला होता, पण खांब आणि माळा जागेवर. तुळईवर मांजर तिन्ही पिल्लांसकट बसली होती, उपाशी आणि अत्यंत नाराज. कोंबड्या तिच्या खाली, माळ्यावर, वाळत घातल्यासारख्या रांगेत. मांजरीला माळा बरोबर होता, म्हशीला वाट बरोबर होती. कुणाला कुठं न्यायचं ही अक्कल आम्हाला हवी होती. गावात त्या पुरात पुष्कळ जनावरं गेली, आणि त्यातली काही दावणीला बांधलेलीच सापडली. घरधनी सोडायला गेले होते, पण ओल्या गाठी सुटल्या नव्हत्या. आत्या ते बघून आली. त्या दिवसानंतर तिनं आईच्या गाठीला नावं ठेवली नाहीत.

आत्या आणखी एका बाबतीत गप्प होती. आईनं भरावावरच तिला विचारलं होतं, “वन्सं, रेडकू वर कशाला चढवलंत?” मी तिथंच होते. आत्यानं माझ्याकडे बघितलं. आईनंच सांगितलंय, हे मी तिला म्हटलेलं ती विसरली नव्हती. भांडणात एक शब्द खाली पडू न देणारी माझी आत्या म्हणाली, “चुकलं माझं.” आणि शेळ्यांकडे निघून गेली. मी तेव्हाही बोलले नाही.

पाचव्या दिवशी गाड्या सुरू झाल्या, आणि त्याच सकाळी कॅम्पातली मावशी आमच्या दारात उभी राहिली. दूध आलं नव्हतं, बदलापूर बुडालं असं कानावर आलं होतं, ती विचारत विचारत एकटी आली होती. चिखलात तिच्या पांढऱ्या सलवारीची दशा झाली होती. ती दारातच थांबली आणि आईला म्हणाली, “भैंस?”

आई तिचा हात धरून तिला मागे घेऊन गेली. गोठा उघडा पडला होता, म्हैस खुंट्याला बांधलेली होती, रेडकू दूध पीत होतं. मावशी काही पावलं अलीकडेच थांबली. आईनं सगळं सांगायला सुरुवात केली, पाणी मागून कसं आलं, दावं ओढलं तर गाठ कशी चटकन सुटली. “तुम्ही सांगितलं व्हतं म्हनून बांधली तशी,” आई म्हणाली. “पर ती गेलीच नाही. रेडकू माळ्यावर व्हतं. आमच्या वन्संनी चढवलं.”

आत्या तिथंच राख घेऊन भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही.

आत्या परक्या बाईसमोरही ऐकून घेणार होती, आणि माझं नाव कधीच येणार नव्हतं. पुराच्या पाण्यात वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली. मी म्हणाले, “आत्यानं नाही. मी चढवलं. आत्या नको म्हणत होती. मी खोटं बोलले. निरगाठ पण मीच मारली.”

मला वाटलं आता आईचा हात उठेल. आईनं माझी बांधलेली करंगळी उचलून मावशीला दाखवली. “ठाव हाय मला,” ती म्हणाली. “वन्सं सोताहून असं करनार नाहीत. ही कवा बोलते ते बघत व्हती.” आणि मग मावशीकडे वळून, माझ्याबद्दल पहिल्यांदाच आणि जवळजवळ शेवटचं, ती म्हणाली, “चढवलं हिनं. उतरवलं पन हिनंच.”

त्यानंतर मला शाळेत बक्षिसं मिळाली, पुढे मुलांच्या लग्नात लोकांनी कौतुक केलं. पण मान ताठ होते ती या वाक्यानं.

मावशी मात्र गाठीकडे बघत होती. तिनं आईला विचारलं, “यह वही है?” आईनं मान डोलावली. मावशी पुढे झाली. गोठ्यात मी जात नाही म्हणणारी ती बाई चिखलातून खुंट्यापर्यंत आली, वाकली आणि तिनं मागचं टोक दोन बोटांत धरून ओढलं. दावं गळून पडलं. म्हशीनं मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि जागची न हलता परत रवंथ करू लागली.

मावशीनं गळून पडलेलं दावं उचललं. ती नुसती ते हातात धरून उभी राहिली. मग तिनं ते आईपुढे केलं. आईनं ते माझ्या हातात दिलं.

मला ती गाठ तोवर कधीच जमली नव्हती. त्या दिवशी दुखऱ्या करंगळीनं पहिल्याच खेपेला जमली. मावशीनं ओढली, गाठ सुटली. मी परत बांधली. तिनं परत ओढली. आत्या भांडी घेऊन आत गेली, आई गवत आणायला गेली, आणि आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो. मी बांधत होते आणि ती सोडत होती.